विमानावर सही करायची असेल तर

जरीमरीला आमच्या चाळीवरून विमान उतरायला निघालं की पत्रे थडथडायचे आणि आई बोलता बोलता थांबायची. विमान पुढे गेलं की वाक्य तिथूनच पुढे सुरू. 1970 च्या दशकात जंबो, म्हणजे बोइंग 747, नवीन नवीन आलं होतं. ते इतकं खालून जायचं की चाकं मोजता यायची. बाकीची पोरं खिडक्या मोजायची, मी चाकं. पुढे दोन, मागे सोळा. एका विमानाला अठरा चाकं! मग ती बदलतो कोण?

घरात कुणाला उत्तर माहीत नव्हतं. शेजारचे एक काका विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होते. ते म्हणाले, "असतात ती डांगरीवाली माणसं. कॅप्टनसुद्धा त्यांच्या सहीशिवाय हलत नाही." माझं करिअर मार्गदर्शन एवढंच झालं. पुढे छत्तीस वर्षं मी ती सही करत होतो, आता ती कशी मिळवायची ते शिकवतो. विमानाच्या जवळ जायचंय पण वैमानिक होण्याचे लाखो रुपये नाहीत, किंवा मुळात यंत्रातच जीव रमतो, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू

दर जूनमध्ये कुणीतरी पालक फोन करतात, "सर, पोराने बी.ई. एरोनॉटिकल केलं, आता एअरलाइनमध्ये इंजिनिअर म्हणून लागेल ना?" तांत्रिक कार्यालयात कदाचित लागेल. पण विमानाखाली उभं राहून सही करायचा हक्क त्या पदवीने मिळत नाही. पदवीवाला विमानाची रचना, ताकद, हवेतली वागणूक यांचं गणित शिकतो. ओझरच्या एचएएलसारख्या, म्हणजे विमानं बांधणाऱ्या सरकारी कारखान्यासारख्या ठिकाणी त्याला खरा वाव असतो.

सही करतो तो एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता. त्याच्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, आपण सगळे डीजीसीए म्हणतो त्याचं, लायसन्स असतं. विमानावर काम झालं की टेक लॉग नावाच्या वहीत तो काय बिघडलं होतं, कोणत्या मॅन्युअलच्या कोणत्या कलमाप्रमाणे दुरुस्त केलं हे लिहितो आणि विमान सेवेत सोडत असल्याची सही करतो. कॅप्टन ती नोंद वाचतो, मग विमान हलतं. पदवी आणि लायसन्स दोन्ही एकत्र देणारे अभ्यासक्रमही आहेत. पण जाहिरातीत पदवीचं नाव मोठ्या अक्षरात आणि लायसन्सचं बारीक अक्षरात असेल तर बारीक अक्षरं आधी वाचा.

पायरी 1: बारावीच्या आधी

कुठल्याही महागड्या फाउंडेशन क्लासची गरज नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं, आणि ते नुसतं पास होण्यापुरतं नको. बाकी हाताला सवय लावा. सायकलचं मागचं चाक खोलून परत बसवा. घरातला बंद मिक्सर फेकायच्या आधी उघडा. खोलताना प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते कागदावर मांडून ठेवा आणि बसवल्यावर एकही उरता कामा नये. वस्तू चालू झाली नाही तरी चालेल. स्क्रू उरला नाही हे जास्त महत्त्वाचं.

जवळ एनसीसीची एअर विंग असेल तर जरूर जा, तिथे विमानांची मॉडेल्स करायला मिळतात. पुण्यात असाल तर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची माहिती काढा. बिनइंजिनाचं विमान तारेने ओढून वर जातं आणि नुसत्या हवेवर खाली येतं, हे एकदा बघितलं की पुस्तकातली 'लिफ्ट' कायमची समजते.

पोरं मला हमखास कॅप्टन अमोल यादव यांच्याबद्दल विचारतात. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिलं, आणि उडवून बघायची परवानगी मिळायला 2019 उजाडलं. विमान बांधण्याइतकीच चिकाटी त्याच्या कागदांना लागली. या क्षेत्रात यायचं तर कागदाचा कंटाळा आत्ताच टाकून द्या, कारण आमचं निम्मं आयुष्य कागदात जातं.

इंग्रजीची भीती अनेकांना असते, मराठी माध्यमातल्यांना जास्त. मीही पालिकेच्या शाळेतलाच. एक गुपित सांगतो: विमानाची मॅन्युअल मुद्दाम सोप्या इंग्रजीत लिहिलेली असतात. त्या भाषेचे नियम ठरलेले आहेत. साधारण 900 मान्य शब्द, एका शब्दाला एकच अर्थ, वाक्य आखूड. जगभरातल्या हँगरमध्ये, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, इंग्रजी मातृभाषा नसलेलीच माणसं जास्त, म्हणून ही सोय. कादंबरी वाचता आली नाही तरी मॅन्युअल वाचता येतं. बोलण्याचं हळूहळू जमतं.

आणि शंभर-दोनशे रुपयांत होणारी एक तपासणी आधीच उरकून घ्या: रंगांधळेपणा. दोन वर्षांची फी भरल्यावर तो कळलेला मुलगा मी पाहिलाय. त्याच्या वडिलांचा चेहरा अजून आठवतो.

पायरी 2: संस्था आणि कॅटेगरी

संस्थेला डीजीसीएची सीएआर-147 ही मान्यता हवी. ती आहे की नाही हे संस्थेच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये बघू नका, डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा. मान्यता कोणत्या कॅटेगरीसाठी आहे आणि मुदत कधीपर्यंत आहे, हेही तिथेच तपासा.

कॅटेगरी म्हणजे काय ते थोडक्यात. 'ए' हे लहान लायसन्स, लाइनवरच्या, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या, ठरावीक साध्या कामांपुरतं. 'बी1' म्हणजे सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विजेच्या यंत्रणा. त्यातही बी1.1 जेटसारख्या टर्बाइन विमानांसाठी आणि बी1.3 टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी. 'बी2' म्हणजे एव्हिऑनिक्स: रेडिओ, रडार, ऑटोपायलट, कॉकपिटातले पडदे. 'सी' पुढे अनुभवाने मिळतं आणि मोठ्या तपासणीनंतर अख्खं विमान सोडायला लागतं. हाताला ग्रीस लागलेलं आवडत असेल तर बी1. वायरिंगचा नकाशा हातात घेऊन तासन् तास एक तुटलेली तार शोधायची चिकाटी असेल तर बी2. कुणी 'स्कोप कशाला जास्त' विचारलं की मी उत्तर देत नाही. दोघांशिवाय विमान उडत नाही.

बी1.1 किंवा बी2 चा मान्यताप्राप्त मूळ अभ्यासक्रम 2400 तासांचा असतो. फी काही लाखांत जाते, म्हणून प्रवेशाआधी संस्थेत एक अख्खा दिवस काढा. वर्कशॉपमध्ये जा. तिथलं इंजिन उघडलेलं आहे की रंग देऊन शोभेला ठेवलंय? हत्यारांना हात लागल्याच्या खुणा आहेत का? शेवटच्या वर्षाच्या मुलांना गेटबाहेर चहाला न्या आणि दोनच प्रश्न विचारा: चालू विमानांवर प्रॅक्टिकल ट्रेनिंग कुठे मिळतं, आणि तुमच्या बॅचमधल्या किती जणांचे सगळे पेपर सुटले? पहिल्या प्रश्नाला 'बघू, करून देतात' असं उत्तर आलं तर चहाचे पैसे देऊन घरी या. 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेल्या माहितीपत्रकाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

पैसे नसतील तर दारं बंद होतात असं नाही. आयटीआय किंवा डिप्लोमा करून तंत्रज्ञ म्हणून हँगरमध्ये लागायचं, काम करता करता पेपर द्यायचे. या वाटेने अनुभवाची अट जास्त वर्षांची असते, पण पगार चालू असतो. हवाई दलाच्या किंवा नौदलाच्या विमान विभागातून तयार होऊन आलेली माणसंही आमच्यात भरपूर. ओझरच्या दुरुस्ती डेपोतून किंवा गोव्याच्या आयएनएस हंसावरून आलेल्याला शिस्त शिकवावी लागत नाही. फक्त 'यस सर' थोडं कमी करायला सांगावं लागतं.

मुलींच्या आईवडिलांसाठी: हँगरमध्ये मुली आहेत, वाढताहेत. रात्रपाळीला घरून ने-आण, कपडे बदलायची खोली, या गोष्टी संस्थेला आणि पुढे मालकाला सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पायरी 3: मॉड्यूल

मॉड्यूल म्हणजे एकेका विषयाचा पेपर. बी1.1 ला तेरा मॉड्यूल, बी2 ला बारा. गणित, भौतिकशास्त्र, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, साहित्य, देखभालीच्या पद्धती, हवेचं शास्त्र, मानवी घटक, कायदा, मग विमान आणि इंजिन. परीक्षा डीजीसीए घेते, बहुपर्यायी असते आणि पास व्हायला 75 टक्के लागतात. पस्तीसवर वाढलेल्या आपल्या पोरांना हा आकडा पहिल्यांदा टोचतो.

मॉड्यूल 6 आणि 7, साहित्य आणि पद्धती, ही दोन वर्कशॉपमध्ये उभं राहून वाचा. बोल्टच्या डोक्यावरच्या खुणा पुस्तकात पाठ होत नाहीत, हातात बोल्ट घेतल्यावर होतात. कायद्याचं मॉड्यूल रटाळ आहे, रोज थोडं थोडं वाचा. जुन्या प्रश्नांच्या झेरॉक्स सगळीकडे फिरतात. सरावाला ठीक. पण नुसत्या त्यांवर पास झालेला ट्रेनी हँगरमध्ये दहा मिनिटांत उघडा पडतो.

मॉड्यूल 9, मानवी घटक, पोरं 'गप्पांचा विषय' म्हणून सोडून देतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. त्यातलं एक प्रकरण मी वर्गात दर वर्षी सांगतो. 10 जून 1990. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन. सतरा हजार फुटांच्या वर कॅप्टनसमोरची काच उडून गेली आणि कॅप्टन कंबरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या माणसांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउथॅम्प्टनला विमान उतरवलं. कॅप्टन वाचला. काच आदल्याच दिवशी बदललेली होती. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी व्यासाला जरासे बारीक होते, उरलेले सहा लांबीला कमी. बसवणारा नवशिका नव्हता, शिफ्टचा प्रमुख होता. पहाटेची वेळ, माणसं कमी. त्याने जुना बोल्ट हातात धरला आणि स्टोअरमध्ये नजरेने जोडी लावली. पार्ट नंबरचं पुस्तक उघडलं असतं तर दोन मिनिटं गेली असती.

मुलं विचारतात, "सर, एवढा बारीक फरक हाताला कळत नाही?" मी खिशातून दोन बोल्ट काढतो आणि वर्गात फिरवतो. वर्ग संपेपर्यंत कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

पायरी 4: हँगरमधली पहिली दोन वर्षं

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेल्यालाही चालू विमानांवर दोन वर्षांचा अनुभव लागतो. या दोन वर्षांत तुम्ही कोण होणार ते ठरतं.

पहिली सवय लॉगबुकची. केलेलं प्रत्येक काम, विमानाचं नोंदणी चिन्ह, तारीख, मॅन्युअलचं कलम, आणि देखरेख करणाऱ्याची सही, हे सगळं त्याच शिफ्टमध्ये. 'महिनाअखेरीस एकदम करून घेऊ' म्हणणाऱ्यांची अर्धी कामं हरवतात. सही देणारा साहेब बदलून दुसऱ्या स्टेशनला गेलेला असतो आणि मग पोरगं त्याच्यामागे दिल्लीपर्यंत फिरतं.

दुसरी सवय हत्यारांची. पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खड्डा असतो. शिफ्ट संपताना एक खड्डा रिकामा दिसला तर विमान सुटत नाही. हे मी ऐकलं होतं, पटलं एका डिसेंबरात.

पहाटेचे साडेतीन. लँडिंग गिअरच्या खोबणीतलं काम संपलं, पॅनल बंद झाले, मी पेटी लावत होतो. नट फिरवायचा तीन-अष्टमांशचा सॉकेट नव्हता. पेटी उलटी केली, ट्रॉलीखाली पाहिलं. साडेपाचला विमान निघायचं होतं. डोक्यात आलं, स्टोअरमधून दुसरा आणून खड्ड्यात ठेवला तर कुणाला कळणार? हा विचार मला आला होता, हे मी मुलांपासून लपवत नाही. तुम्हालाही येईल.

आमच्या चार्जहँडना, म्हणजे शिफ्टच्या गटप्रमुखांना, सगळे मामा म्हणायचे. मी जाऊन म्हणालो, "मामा, सॉकेट मिळत नाहीये." त्यांनी हातातला चहा तसाच ठेवला. सगळे पॅनल परत उघडले. चार माणसं, दोन बॅटऱ्या, आरसा. विमान लेट झालं, वरून फोन आले, मामा एका फोनला फक्त 'शोधतोय' म्हणाले. सव्वासहाला सॉकेट सापडला. माझ्या डांगरीच्या पायाच्या दुमडीत. खाली बसलो तेव्हा घरंगळून आत गेला असणार.

कुणी ओरडलं नाही. मामांनी शिफ्ट डायरीत लिहिलं, 'टूल मिसिंग, रिपोर्टेड बाय ट्रेनी, फाउंड', आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या ती दुमड शिवून ये." शिवून गेलो. आजही माझ्या कुठल्याच पँटला दुमड नसते.

आता काही गोष्टी, ज्या पहिल्या आठवड्यातच कळायला हव्यात.

विमान नुकतं उतरलं असेल तर चाकाजवळ पुढून किंवा मागून जा, बाजूने नाही. ब्रेक तापलेले असतात आणि टायरमध्ये 200 पीएसआयच्या आसपास दाब असतो. चाक किंवा टायर फुटलंच तर तुकडे बाजूला उडतात. आत हवा नसून नायट्रोजन असतो, कारण तापलेल्या टायरमध्ये ऑक्सिजन नको. चाक अती तापलं तर रिममधल्या छोट्या प्लगांतला धातू वितळतो आणि दाब हळूहळू निघून जातो. तो वितळलेला प्लग हातात धरलात की फिजिक्सचं पुस्तक उगीच वाचलं नाही असं वाटतं.

हायड्रॉलिकचं जांभळट तेल, स्कायड्रॉल, डोळ्यात गेलं तर जन्मभर लक्षात राहतं. चष्मा लावा. ऑक्सिजनच्या बाटलीजवळ जाताना हाताला, कपड्याला तेल-ग्रीस नको. दाबाखालच्या ऑक्सिजनजवळ आग लागायला काडी लागत नाही, तेलाचा डाग पुरतो. चालू इंजिनाच्या तोंडासमोर अनुभवी माणूसही सुरक्षित नसतो. 2015 च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावरच पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान मागे ढकलताना, एका तंत्रज्ञाचा इंजिनात ओढला जाऊन मृत्यू झाला. इंजिन बंद झाल्याचा इशारा स्वतः बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका, कुणीही 'चल चल' म्हणालं तरी.

लाल फीत लावलेली प्रत्येक वस्तू, गिअरची पिन असो की पिटॉटचं, म्हणजे वेग मोजायच्या नळीचं कव्हर, उड्डाणाआधी मोजून काढायची असते. आणि जे झाकाल ते दिसेल असं झाका. 1996 मध्ये पेरूत एक बोइंग 757 धुताना स्टॅटिक छिद्रांवर, म्हणजे उंची-वेग कळण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर, चिकटपट्टी लावली गेली आणि ती काढायची राहिली. रात्री समुद्रावर वैमानिकांना उंची कळेना, वेग कळेना. सत्तर माणसं गेली. चंदेरी पट्टी चंदेरी विमानावर कुणाला दिसली नाही. मुंबईत तर पट्टीचीही गरज नाही. विमान दोन-चार दिवस उभं राहिलं आणि कव्हर लावलेलं नसलं तर पिटॉटच्या नळीत किडे घर करतात.

पावसाळ्यात अजून एक काम वाढतं: गंज. शौचालय आणि गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, खालची जमीन उचलली की आत काय चाललंय ते कळतं. सांडलेली कॉफी, कोकाकोला, सगळं तिथेच मुरतं. कुणीही मागून घेत नाही असं हे काम आहे. तुम्ही मागून घ्या. विमानाचा सांगाडा इतका उघडा दुसऱ्या कुठल्या कामात दिसत नाही.

पायरी 5: टाइप आणि पहिली सही

मूळ लायसन्स हातात आलं की लोकं पेढे वाटतात. वाटा. पण त्यावर विमानाच्या प्रकाराची नोंद होईपर्यंत तुम्हाला मोठ्या विमानावर सही करता येत नाही. ए320 चं वेगळं ट्रेनिंग, 737 चं वेगळं, सोबत प्रत्यक्ष विमानावरची ठरावीक कामं, आम्ही ज्याला ओजेटी म्हणतो. त्यानंतर तुमची कंपनी तुम्हाला अधिकारपत्र देते, तेव्हा खरी सुरुवात. हे ट्रेनिंग स्वतःच्या खिशातून करायची घाई करू नका. जिथे नोकरी लागेल तिथे कोणतं विमान आहे ते आधी कळू द्या. अमक्या विमानाचं रेटिंग घेऊन दोन वर्षं घरी बसलेली पोरं आहेत.

हँगरची बोलीभाषा आकड्यांची आहे. प्रत्येक यंत्रणेला ठरलेला प्रकरण क्रमांक असतो, बोइंग असो की एअरबस. 32 म्हणजे लँडिंग गिअर, 29 हायड्रॉलिक, 27 उड्डाण नियंत्रणं, 28 इंधन, 49 एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं सहायक इंजिन. "आज काय आहे?" "बत्तीस आणि एकोणपन्नास." ही प्रकरणं पाढ्यांसारखी पाठ करा, म्हणजे पहिल्या दिवशी कानकोंडं व्हायला होणार नाही.

दुसरं पुस्तक एमईएल. काय बिघडलेलं असताना विमान कायदेशीरपणे उडू शकतं, त्याची यादी. 'बी' गटातला बिघाड तीन दिवसांत, 'सी' दहा दिवसांत, 'डी' एकशेवीस दिवसांत दुरुस्त करायचा, सापडला तो दिवस सोडून. नवशिक्याला वाटतं ही पळवाट आहे. ती मर्यादा आहे. यादीत नसेल आणि उड्डाणाला लागत असेल तर विमान उभं.

आणि इथेच दाब येतो. दीडशे प्रवासी बसलेत, कॅप्टन घड्याळ बघतोय, फोनवर ऑपरेशनवाला विचारतोय, "किती वेळ?" अशा वेळी मी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं: "मॅन्युअल उघडून सांगतो." वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. उघडायचं आणि कलमावर बोट ठेवायचं. बोटाशी कुणी भांडत नाही. एकदा एका वरिष्ठाने मला 'नंतर बघू, आत्ता सोड' म्हटलं होतं. मी टेक लॉग त्यांच्यासमोर ठेवला आणि पेन पुढे केलं. त्यांचंही लायसन्स होतं. ते काही न बोलता निघून गेले. त्या वर्षीची माझी बढती राहिली. राहू दे.

माझी पहिली सही पुढचं चाक बदलल्याची होती. जॅक, नट, चाक फिरवत फिरवत टॉर्क, लॉक, सगळं तीनदा तपासलं. सही करताना अक्षर शाळेतल्यासारखं गोल आलं. विमान नागपूरला गेलं. ते उतरल्याचा निरोप येईपर्यंत मी चहा घेतला नाही, आणि तो आल्यावर दोन घेतले.

पायरी 6: मधली वीस वर्षं

यावर फार लिहीत नाही, कारण ती भरभर जातात. लाइन की बेस हे एकदा ठरवा. लाइन म्हणजे उतरलेलं विमान तासाभरात परत सोडणं, ऊन, पाऊस, घाई. बेस म्हणजे हँगरमध्ये आठवडेच्या आठवडे एकच विमान सुटं करून जोडणं. नागपूरच्या मिहानमध्ये हे काम आता होतं, त्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे असं राहिलेलं नाही. आखातात पगार जास्त, पण तिथलं किंवा युरोपचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. ते पेपर तिशीच्या आत द्या. मुलं शाळेत जायला लागली की अभ्यास होत नाही.

कान सांभाळा. एपीयूच्या आवाजात 'एकच मिनिट' म्हणत मफ न लावता उभे राहिलेलो आम्ही सगळे आज टीव्हीचा आवाज वाढवून बसतो. रात्रपाळीनंतर बाइक चालवू नका, बस पकडा. आणि घरच्यांना वर्षाचं शिफ्टचं वेळापत्रक कॅलेंडरवर लिहून द्या. गणपतीत पहिल्या दिवशी आरतीला मी छत्तीस वर्षांत अकरा वेळा होतो. हा हिशोब बायकोने ठेवलाय.

पायरी 7: निवृत्तीची तयारी, आधी पाच वर्षं

एअरलाइनच्या वैमानिकाला 65 ला उतरावंच लागतं. आमचं ज्ञान त्यानंतरही कामाला येतं, पण लायसन्स कपाटात ठेवून जिवंत राहत नाही. मागच्या दोन वर्षांत सहा महिने काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणून निवृत्तीनंतर सही करायची आहे की शिकवायचं आहे, हे आधीच ठरवा.

शिकवायचं असेल तर नोकरीत असतानाच ट्रेनिंग विभागात तास घ्यायला लागा. उत्तम मेकॅनिक उत्तम शिक्षक असतोच असं नाही, मला हे पहिल्या वर्गात कळलं. दुसरी वाट कागदांची. भाड्याने घेतलेलं विमान मालकाला परत देताना त्याच्या जन्मापासूनच्या नोंदी तपासाव्या लागतात, प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा माग लावावा लागतो. खोकीच्या खोकी कागद. चष्मा आणि सबुरी असलेल्या निवृत्त माणसाला यात चांगले पैसे मिळतात. तिसरी वाट गुणवत्ता तपासणीची. ज्यांना आयुष्यभर ऑडिटरचा राग आला त्यांनी ती जरूर धरावी.

कपाटात ठेवायच्या वस्तू: सगळी लॉगबुकं, प्रत्येक ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, जुन्या अधिकारपत्रांच्या प्रती. कंपन्या बंद होतात, विलीन होतात, आणि तुमचा अनुभव सिद्ध करणारा कागद फक्त तुमच्याच ट्रंकेत उरतो.

मी रविवारी सोसायटीच्या गच्चीवर आठवी ते दहावीच्या पाच-सहा पोरांना बोलावतो. फी नाही, चहा बिस्किटं आमच्याकडून. पहिल्या दिवशी विमान वगैरे काही नाही. लाकडी फळीवर ठोकलेले दोन बोल्ट, डोक्याला भोकं पाडलेली, आणि लॉकिंग वायरचं एक रीळ. तार दोन्ही बोल्टांतून अशी पीळ देऊन बांधायची की एक सैल व्हायला गेला तर दुसरा घट्ट ओढला जावा. इंचाला सहा ते आठ पीळ. पोरं जीभ बाहेर काढून बांधतात, पीळ सुंदर येतो, पण बहुतेकांची तार पहिल्यांदा उलट्या दिशेने ओढलेली असते. मी काही बोलत नाही. पाना हातात देतो आणि म्हणतो, "आता सोडवून बघ."